सशाच्या डोळ्याऐवजी

९ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस. वहिनीकडे निरोप ठेवला की ती बिचारी दोघांच्या कात्रीत सापडते. म्हणून हा कागद. फाडायचाच असेल तर वाचून फाड.

आईला जाऊन दोन महिने होत आले. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला म्हणालास, "तू आईलाही सोडलं नाहीस." नेत्रपेढीच्या बाई तेव्हा बर्फाची पेटी घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. तिथे मी तोंड उघडलं असतं तर आपण आईच्या उशाशी भांडलो असतो, आणि तिला ते जिवंतपणीही कधी आवडलं नाही. आता मात्र बोलते.

आईचे डोळे मी मागितले नव्हते, तिनं आपणहून दिले. ते दुसऱ्या कुणाला बसवण्याजोगे राहिले नव्हते, इतक्या वर्षांच्या मधुमेहानं आणि दोन शस्त्रक्रियांनी ते पार थकले होते. बसवता येत नसतील तर संशोधनाला द्या, असं तिनं पेढीला आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्या बाईंना एकच गोष्ट सांगितली, की यातलं काहीही माझ्याकडे येऊ देऊ नका. दुसऱ्या एका शहरात आमच्यासारखीच प्रयोगशाळा आहे, आईच्या पेशी तिकडे गेल्या. तिथेही नाव जात नाही, नुसता क्रमांक जातो. मला कामाच्या टेबलाशी उभं राहून आईचा विचार करायचा नव्हता. माझा हात हलला की काम बिघडतं.

मी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. "आमची ठमी डोळे उगवते," असं तू लोकांना सांगतोस म्हणे. दादा, एवढं येत असतं तर आईलाच नसते का दिले? आपल्या बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, मी त्याच्या फक्त वरच्या थराएवढा पापुद्रा वाढवते. मेलेल्या माणसांनी दिलेल्या डोळ्यांच्या कडेच्या थोड्या पेशी घ्यायच्या, बाटलीच्या झाकणाएवढ्या कपात एका पातळ जाळीवर पसरायच्या, खालून खाऊ घालायचं, वरून हवा लागू द्यायची. आठवडा-दीड आठवड्यात त्यांचे एकावर एक थर बसतात. मग त्यावर एखाद्या शांपूचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, धुवायचा, आणि नंतर एक रंग घालायचा. जगलेल्या पेशी तो रंग पिऊन जांभळ्या होतात. मेलेल्या होत नाहीत.

आज हेच थेंब सशाच्या डोळ्यात टाकून बघतात. तुझ्या सशांच्या.

आमचं काम मान्य झालं तर डोळ्यांच्या चाचणीसाठी तुझ्या शेडमधून ससे मागवणं बंद होईल. हे तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तुझी मागणी अर्ध्यावर येईल हे मला माहीत आहे, तरी मी थांबणार नाही.

वहिनीच्या गुडघ्याला आता कसं आहे?

ठमी


२ फेब्रुवारी

ठमे,

पत्र फाडलं नाही. वहिनीनं काढून घेतलं आणि तीनदा वाचलं. गुडघा तसाच आहे.

तू मला खाटीक समजतेस असं पत्रात कुठं लिहिलेलं नाही, पण तेवढं मला वाचता येतं. बाबा गेले तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. मी कॉलेज सोडलं आणि पिंजरे बांधले. माझ्या शेडमध्ये आजवर एक ससा उपाशी राहिला नाही, एक ससा ओल्यात झोपला नाही, कुणी कान धरून उचलला तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो. नवीन पोरांना आधी ससा छातीशी धरायला शिकवतो, मग पगाराचं बोलतो.

माझ्या सशांवर तपासलेली औषधं लोकांच्या लेकरांना टोचली जातात. चुकीची बाटली आली तर माझ्या सशाला ताप येतो आणि ती बाटली फेकली जाते. तुझ्या कपातल्या सायीला ताप येतो का? तिला पोट नाही, काळीज नाही. उद्या काही चुकलं तर ती साय काय सांगणार आहे?

आणि आईचं म्हणशील तर ती जन्मभर रोज सकाळी माझ्याबरोबर शेडमध्ये आली. पाय सुजले तरी आली. पाला तिनं टाकल्याशिवाय मोठा काळा नर तोंड लावत नसे. एवढी मोठी गोष्ट तिनं मला न सांगता ठरवली हे मला पटत नाही. तू तिच्या कानाशी काय बोललीस ते लिही. बाकी शहाणपण नको.

दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

आईनं मला हे तुला सांगू नको म्हटलं होतं. पण आता तूच विचारलंस, आणि तिच्यावर संशय राहण्यापेक्षा तिचा शब्द मोडलेला बरा.

काही वर्षांपूर्वी तुझा टेम्पोवाला एकदा आला नव्हता आणि तू तापानं पडला होतास, तेव्हा आई वाण्याच्या पोराला गाडी चालवायला घेऊन स्वतः त्या चाचणी करणाऱ्या संस्थेत ससे पोचवायला गेली होती. तू नेहमी फाटकावर पिंजरे उतरवून परत फिरतोस. ती फिरली नाही. तिला तहान लागली होती, पाणी मागत आत गेली, आणि चुकून भलत्याच खोलीत शिरली. तिथे लाकडी फळीच्या भोकांतून मुंडकी तेवढी बाहेर काढलेले ससे ओळीनं बसवले होते. डोळे सुजलेले. त्यांना पंजानं डोळा चोळता येऊ नये म्हणून ती फळी. आई मला म्हणाली, "तिच्या हाताचा वास आला तसा एकानं नाक हलवलं." ती स्वतःबद्दल अशी तिऱ्हाईतासारखी बोलली, म्हणून मला ते जास्त लागलं.

घरी येऊन तिनं तुला चहा करून दिला आणि काही बोलली नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "तो शेड बंद करील, नाहीतर मन बंद करील. दोन्ही नको."

पुढे डोळे दाखवायला ती माझ्याकडे येऊन राहिली, तेव्हा एके दिवशी तिनं हट्टच धरला, तुझं काम बघायचंय. मी तिला टोपी घातली, पायांत पिशव्या घातल्या, तोंडाला फडकं बांधलं. काचेपलीकडून कप दाखवले. तिला धड दिसत नव्हतं, पण काचेला नाक लावून ती बराच वेळ उभी होती.

"याला दुखतं का गं?"

"नाही आई. दुखण्यासाठी जे लागतं ते यात काहीच नाही."

"आणि हे येतं कुठून?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं घे. मला तरी आता त्यातून कुठं दिसतंय?"

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर तिनं शेजारणीला घेऊन नेत्रपेढी गाठली. मला त्या बाईंच्या तोंडून कळलं. तिच्या कानाशी मी बोलले ते एवढंच.

आता तुझ्या सायीचं. तू बरोबर बोललास, तिला ताप येत नाही. टोचायच्या औषधात ताप आणणारं काही आहे का, हे बघायला आजही ससाच लागतो, आणि त्याला पर्याय तयार आहे असं खोटं मी तुला सांगणार नाही. मी डोळ्यांपुरतं बोलते आहे. जेवढं येतं तेवढंच येतं म्हणते. पण जिथं येतं तिथं एकही ससा त्या फळीत बसता कामा नये.

तुला मी खाटीक समजत नाही. तुझ्या हातात ससा कसा शांत होतो हे मी लहानपणापासून बघितलंय. पण फाटकाच्या आत तुझा हात नसतो.

ठमी


६ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनी म्हणते, माझं पत्र तू शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलंस आणि मग काळ्या नराच्या पिंजऱ्याशी बसून राहिलास. मी उत्तर मागत नाही. आज मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं सगळं पीक मेलं. पेशींना अंगाइतकी ऊब देणारं एक कपाट असतं, त्यात बुरशी शिरली. सोमवारी दार उघडलं तर कपाकपावर पांढरी लव. ती एकदा शिरली की निवडून टाकता येत नाही, सगळंच जाळावं लागतं. माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, तिला आम्ही चिकटपट्टी म्हणतो, कारण ती कामाला चिकटली की सुटत नाही. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, रड, पण हातमोजे काढून रड, ते महाग असतात. मग ती हसली आणि आम्ही दोघींनी सगळं जाळायला दिलं.

वाईट वेळ कोणती होती ते तुला कळावं म्हणून सांगते. आमच्यासकट तीन प्रयोगशाळांना सारख्याच बाटल्या दिल्या आहेत. वर फक्त आकडे. आत काय आहे हे आम्हांला माहीत नाही. कुठली बाटली डोळा जाळते आणि कुठली नाही, हे तिघांनी वेगवेगळं ओळखायचं. तिघांचं जुळलं आणि ते खरंही निघालं, तरच सरकारी समिती सशाची चाचणी काढून टाकायचा विचार करणार. आणि नेमकं मधेच आमचं शेत बसलं.

संचालकांनी बोलावलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त पडणं त्यांना सोसत नाही. म्हणाले, "आपण या फेरीतून बाहेर पडू. अपयश कागदावर येण्यापेक्षा अनुपस्थिती बरी."

मी म्हटलं, "दोनच प्रयोगशाळा उरल्या तर फेरी रद्द होईल. पुढची केव्हा लागेल?"

"तीन-चार वर्षांनी."

"तोवर चाचण्या कशावर होतील?"

त्यांनी समोरची फाईल मिटली. मी म्हटलं, मी बाहेर पडत नाही, मला काढायचं असेल तर काढा. ते म्हणाले, पेशी कुठून आणणार? मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

दारं ठोठावायला लागले. नेत्रपेढीकडे नुकतं आलेलं काही नव्हतं. शेवटी त्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन केला. आमची खरं तर चढाओढ आहे, संमेलनात आम्ही एकमेकींच्या चुका काढतो. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे गोठवून ठेवलेल्या कुप्या आहेत. निम्म्या पाठवते. हरायचंच असेल तर बरोबरीनं हर, बुरशीनं नको."

काल कुप्या आल्या. कोरड्या बर्फाची वाफ खाली बसली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आईच्या पेशी त्याच प्रयोगशाळेत गेल्या होत्या.

यांत त्या असतील, नसतीलही. नुसता एक फोन केला असता तर कदाचित कळलं असतं. मी केला नाही. चिकटपट्टीला सांगितलं, आजपासून कप तू भरायचेस. पण पहिल्या दोन कपांनंतर मीच थेंब सोडायची नळी, पिपेट, हातात घेतली. हात हलला नाही, दादा.

ठमी


२० जुलै

दादा,

आकड्यांमागची नावं उघडली. आमच्या तिघींचं बहुतेक सगळं जुळलं. एका फरशी पुसायच्या द्रवाबाबत तर सशांनी 'निर्धोक' सांगितलं होतं आणि आम्ही तिघींनी 'घातक'. तो द्रव बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे डोळे खरोखरच भाजले होते, त्याची नोंद दवाखान्यात निघाली. त्यावर समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले.

पण एक बाटली आम्ही चुकलो. त्यात द्रव नव्हता, भुकटी होती. आमच्या पापुद्र्यानं ती सहज सोसली. खऱ्या डोळ्यात मात्र ती पापणीखाली अडकते आणि मिटता-उघडताना घासून घासून जखम करते. कपाला पापणी कुठं असते?

संचालक म्हणाले, ही भुकटी दळताना ओली झाली असेल असं म्हणून बाजूला ठेवू, इतर दोघी तयार आहेत का बघा. मी विचारलंच नाही. समितीसमोर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा भुकटीचंच बोलले. आम्ही इथं चुकलो, का चुकलो, आणि म्हणून भुकट्यांसाठी आमची पद्धत वापरू नका. मागच्या रांगेत संचालकांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. वाटलं, एवढ्या महिन्यांच्या कामावर मीच पाणी ओतते आहे.

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाटली खराब निघाली म्हणाला असतात तर आम्हांला कळलं नसतं, हे माहीत आहे ना तुम्हांला?"

मी म्हटलं, "हो. पण एखाद्या कामगाराला कळलं असतं."

आज निकाल आला. सगळ्या द्रव पदार्थांसाठी सशाच्या डोळ्याची चाचणी बंद. भुकट्यांसाठी तूर्त चालू राहील, पण त्या थोड्या असतात आणि तुझे ससे घेणाऱ्या संस्थेकडे येत नाहीत.

म्हणजे तुझी अर्धी मागणी आता जाणार. तसं पत्र तुला त्या चाचणी करणाऱ्या संस्थेकडून येईलच. त्याआधी माझं पोचावं म्हणून धावत टपालात टाकते आहे. मला आनंद झालाय आणि तो तुझ्यापासून लपवावासा वाटत नाही. त्याची झळ तुला लागणार, तेही लपवत नाही.

शेडचं पुढे काय करायचं यात माझी मदत घ्यायची की नाही, ते तू ठरव. मी येईन म्हटलं तर तू दार उघडशील का, हे मला माहीत नाही, म्हणून येते असं लिहीत नाही.

ठमी


११ ऑगस्ट

ठमे,

त्यांचं पत्र तुझ्यानंतर दोन दिवसांनी आलं. यापुढे मागणी नाही, कळावे. वीस-बावीस वर्षांचा व्यवहार, आणि खाली सहीसुद्धा रबराची.

मी फोन केला. विचारलं, गेल्या महिन्यात दिलेले ससे अजून तुमच्याकडेच असतील ना? तिथला कारकून म्हणाला, आहेत, वापरायचे राहिलेत, आता त्यांचा निकाल लावू. मी म्हटलं, निकाल म्हणजे? तो म्हणाला, नियमानं जे करतात ते.

टेम्पो काढला. वहिनी म्हणाली मीपण येते. गुडघा धरून बसली शेजारी. फाटकावर रखवालदारानं नेहमीप्रमाणे पिंजरे उतरवायला हात पुढे केला, मी म्हटलं आज उतरवायचे नाहीत, भरायचेत. तो आत सोडीना. वहिनीनं त्याला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी साहेब आले आणि आम्हांला आत नेलं.

आईनं बघितलेली खोली मी बघितली. फळी तिथंच आहे. रिकामी होती. भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. मी एका भोकात हात घालून बघितला. माझं मनगट जेमतेम गेलं.

ससे घेऊन आलो. एकदा बाहेर गेलेला ससा शेडमध्ये परत घेता येत नाही, रोग येतो, म्हणून घरामागे पत्रे लावून ठेवलेत. शेजारच्या पोरांनी काही नेले, काही मास्तरांनी शाळेसाठी नेले. उरलेत ते खातात आणि बसतात.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. अर्धी शेड रिकामी आहे आणि तिथं उभं राहिलं की आवाज घुमतो. दोन पोरांना दुसरीकडे लावून दिलं. आईनं ती खोली बघून एवढी वर्षं माझ्याबरोबर पाला टाकला, याचाही राग आहे, तो कुणावर काढू कळत नाही. दवाखान्यात बोललो ते मात्र बोलायला नको होतं.

आता कामाचं. तापाच्या चाचणीसाठी औषधांचे कारखाने ससे अजून मागतायत. ती मागणी चांगली आहे. पुढच्या आठवड्यात माद्या नराकडे सोडायची वेळ आहे. आज सोडल्या तर ती पिल्लं मोठी होऊन कामाला लागेपर्यंत सहा-सात महिने जातात. तोवर तू तेही बंद पाडणार असशील तर ती पिल्लं मला जन्मालाच घालायची नाहीत. त्यांना पुन्हा टेम्पोत घालून आणायची माझी ताकद नाही.

सोडू की नको? सरळ सांग. भाषण नको.

दादा


१६ ऑगस्ट

दादा,

पत्र वाचून मी जिन्यातच बसले होते. चिकटपट्टीला वाटलं पुन्हा बुरशी आली.

सरळ उत्तर देते. तापाच्या चाचणीचं काम आम्ही सुरू केलंय. त्यात पापुद्रा नाही, माणसाचं ताजं रक्त लागतं. औषधात ताप आणणारं काही असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी लगेच खूण देतात, ती मोजायची. काही औषधांना हे आजच लागू पडतंय. काहींना पडत नाही, आणि का पडत नाही हे मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत लेकरांना टोचायची बाटली न तपासता जाऊ द्यायची नाही, हे तुझं म्हणणं आणि माझं एकच आहे.

'मुळीच सोडू नकोस' असं लिहायला हात शिवशिवतोय. पण ते खरं ठरणार नाही, आणि तू माझ्या शब्दावर शेड चालवणार आहेस.

म्हणून यंदा निम्म्याच माद्या सोड. उरलेल्या निम्म्या सशांचं काम रक्तावर कसं भागवायचं ते मी बघते.

ठमी